बोक्याचे दुखणे

धर्मगुरूने व्यंगचित्रपट पाहावेत की पाहू नयेत, यासंबंधी धर्मविधानात एखादे कलम असल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तरीही हे लिहिताना आम्हांला किंचित संकोच वाटतो की, गेल्या वर्षभरात जी कलाकृती आम्ही सर्वांत अधिक वेळा पाहिली, ती अवघ्या सात मिनिटांची असून तिच्यातील मुख्य पात्रे म्हणजे एक बोका आणि दोन उंदीर एवढीच आहेत.

निमित्त असे घडले. पहिल्या शुक्रवारी घरी खिळून असलेल्या आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर नेऊन देण्याची आमच्या धर्मग्रामात जुनी रीत आहे. अशाच एका फेरीत एका घरी आजीबाईंना उठवून बसवणे, पदर सारखा करणे, मेणबत्तीसाठी काडेपेटी शोधणे चालू होते, म्हणून आम्हांला बाहेरच्या खोलीत पाच मिनिटे बसावे लागले. तेथे पाच-सहा वर्षांचा एक मुलगा दूरदर्शनसंचासमोर मांडी घालून बसला होता. पडद्यावर एक पिवळसर बोका आडवा पडला होता आणि दोन उंदीर लांब चेहरे करून त्याच्याकडे पाहत होते. पाहता पाहता बोक्याचा रंग पालटला. आम्ही हसलो. मुलगा मात्र हसला नाही. त्याने आमच्याकडे वळून विचारले, "फादर, तो बोका खरंच आजारी आहे का?"

आम्ही पेशाला साजेशा तत्परतेने उत्तर दिले की, नाही, त्याला नुसते तसे वाटते आहे.

"मग त्याचा रंग का बदलला?"

एवढ्यात आतून हाक आली, कोणीतरी संच बंद केला आणि आम्ही आजीबाईंच्या खाटेकडे गेलो. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला.

त्या चित्रपटाचे नाव शोधून काढण्यास पुढे वेळ लागला नाही. 'द हायपो-कॉन्ड्री-कॅट' असे त्याचे शाब्दिक कोटी केलेले नाव असून अमेरिकेतील वॉर्नर ब्रदर्सने तो १९५० साली प्रदर्शित केला. दिग्दर्शक चक जोन्स, कथालेखक मायकेल माल्टीझ, संगीत कार्ल स्टॉलिंग यांचे. बोक्याचे नाव क्लॉड. उंदरांपैकी ह्यूबी हा डोकेबाज, तर दुसरा बर्टी हा त्याचा होयबा. दोघे चीज मिळवायला एका घरात शिरतात. बोका आडवा येतो. झटापटीत त्यांच्या ध्यानात येते की, हा बलदंड प्राणी आपल्या प्रकृतीविषयी कमालीचा भित्रा आहे. बस्स, तेथून पुढे त्यांना पळावे लागत नाही. ते त्याची विचारपूस करू लागतात. काय रे बाबा, चेहरा असा का दिसतो? ते म्हणतील त्याप्रमाणे बोका जांभळा होतो, हिरवा होतो, अखेरीस तर चक्क चौकडीच्या कापडासारखा चौकड्यांचा होतो. मग खोटी शस्त्रक्रिया. मग 'तू मेलास' अशी त्याची खात्री पटवणे. शेवटी त्याला देवदूतासारखे पंख लावून, फुग्याला बांधून आकाशात सोडून देतात. बोका स्वर्गाला निघतो आणि उंदरांना चीजचा मार्ग मोकळा होतो.

आदल्याच वर्षी, म्हणजे १९४९ साली, याच दिग्दर्शकाने याच तिघांना घेऊन 'माऊस रेकर्स' नावाचा चित्रपट केला होता. त्याचीही कथा माल्टीझ यांचीच. तोही आम्ही पाहिला. त्यात उंदरांना बोक्याला घरातून हुसकून लावायचे असते आणि त्यासाठी ते अतोनात कष्ट उपसतात. बोका झोपेत असताना खोलीतील सारे सामान छताला खिळवतात, जेणेकरून जाग आल्यावर त्याला वाटावे की, आपणच छताला चिकटलो आहोत. बिचाऱ्याला वेड लागायची पाळी येते. परंतु येथे जग बदलावे लागते, हातोडी-खिळे लागतात, घाम गाळावा लागतो. १९५० च्या चित्रपटात मात्र उंदीर एक खुर्चीसुद्धा हलवीत नाहीत. काळजीचा चेहरा एवढेच त्यांचे हत्यार. आमच्या मते या दोहोंत दुसरा चित्रपट अधिक क्रूर आहे, आणि अधिक खराही आहे.

तो खरा आहे हे आम्हांला कसे कळते, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, १९९१ साली, तेव्हा आमचे वडील वारले. वाडीत केळींना पाणी लावता लावता पाटाच्या कडेला बसले, ते उठलेच नाहीत. वय एकोणपन्नास. आयुष्यात डोकेदुखीची गोळी न घेतलेला माणूस. महिन्याची मिस्सा होऊन आम्ही सेमिनरीत परतलो आणि त्याच आठवड्यात आमच्या छातीच्या डाव्या बाजूस, नेमके कोठे हे बोट ठेवून सांगता येणार नाही अशा ठिकाणी, काहीतरी दुखू लागले.

औषधखोली सांभाळणारे वयस्कर ब्रदर सर्व विकारांवर एकच आम्लपित्ताची गोळी देत. ती घेऊन दोन दिवस बरे वाटले. मग आम्ही नाडी मोजू लागलो. मिनिटाला बहात्तर असली की वाटे, ठीक. चौऱ्याऐंशी झाली की भीती वाटे, आणि भीती वाटली की शंभर होई, मग शंभर का झाली या विचाराने आणखी वाढे. झग्याच्या रुंद बाहीत डाव्या मनगटावर उजव्या हाताची बोटे ठेवली की, समोरच्याला हात जोडल्यासारखेच दिसते. अशा रीतीने आराधनेचा संपूर्ण तास आम्ही डोळे मिटून नाडी मोजण्यात घालवीत असू. त्या वर्षीच्या अहवालात आमच्या एकाग्रतेची प्रशंसा झाली होती, हे येथे नमूद करणे भाग आहे.

शहरात नेऊन कार्डिओग्राम काढण्यात आला. डॉक्टरांनी कागदाची पट्टी पाहिली आणि हृदय ठणठणीत असल्याचे सांगितले. तो आनंद स्टेशनपासून सेमिनरीच्या फाटकापर्यंत टिकला. फाटकात शिरताना मनात आले, पट्टी काढली तेव्हा दुखत नव्हते. दुखत असताना काढली असती तर?

कान्टचे तत्त्वज्ञान शिकताना आमच्या हाती एक आधार लागला होता. त्या थोर माणसाने उतारवयात, १७९८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्वच्छ कबुली दिली आहे की, आपली छाती सपाट आणि अरुंद असल्याने हृदयाला व फुप्फुसांना हालचालीस जागा अपुरी पडते आणि त्यामुळे आपली प्रकृती मुळातच रोगभयाकडे झुकणारी आहे. तरुणपणी तर त्यापायी जगणेही नकोसे होण्यापर्यंत मजल गेली होती. त्याने त्यावर उपाय शोधला तो असा की, छातीतील दडपण तसेच राहू द्यावे, परंतु ते दुसऱ्या कोणाचे तरी आहे अशा बेताने त्याकडे दुर्लक्ष करून कामाला लागावे. आम्ही परीक्षेत कान्टवर बरे गुण मिळवले. उपाय मात्र जमला नाही.

'हायपोकॉन्ड्रिया' हा शब्दही आम्हांला त्याच सुमारास ग्रीकच्या वर्गात भेटला. 'हायपो' म्हणजे खाली, 'कॉन्ड्रोस' म्हणजे कूर्चा. बरगड्यांच्या कूर्चांखालचा पोटाचा भाग. प्राचीन वैद्यांची समजूत अशी की, खिन्नतेचे मूळ तेथील अवयवांत असते. मराठीत या दुखण्याला सर्वमान्य असे एकच नाव नाही. कोशात 'रोगभ्रम' सापडतो, पण आपल्या आयाबाया 'सदा दुखणाईत' म्हणून मोकळ्या होतात. मात्र भीतीची जागा मराठी माणसाला ग्रीकाइतकीच अचूक ठाऊक आहे. आपल्या पोटात गोळा येतो, तो तेथेच येतो.

आमची सुटका केली ती, झाली तेवढी, आमच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनी. आम्ही त्यांना सगळे सांगितले. नाडीचे आकडेही सांगितले. सांगताना आमचे लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होते, कारण दुखणाईत माणूस ऐकतो कमी, पाहतो अधिक. समोरच्याची भुवई तसूभर हलली तरी त्याला ते निदान वाटते. त्यांची भुवई हलली नाही. ते हसलेही नाहीत. त्यांनी आम्हांला इग्नाती लोयोलाकरांची मान्रेसा येथील हकिकत सांगितली. १५२२ साली तेथे राहत असताना त्यांना पापशंकेने पछाडले होते. केलेली पापे पुन्हा पुन्हा कबूल करूनही काही राहून गेले असेल या धसक्याने ते कासावीस होत, आत्मघाताचे विचारही त्यांच्या मनात येऊन गेले. मागचे पाप पुन्हा उगाळायचे नाही, असे सांगितले गेले तरी ते लगेच साधले नाही. पुष्कळ दिवस गेले. "तुझं दुखणं त्याच घराण्यातलं आहे," आमचे मार्गदर्शक म्हणाले. "त्यांना आत्म्याची नाडी मोजायची खोड होती, तुला शरीराची." आणि त्यांनी औषध लिहून द्यावे तसे सांगितले: नाडी रोज एकदाच मोजायची, रात्रीच्या जेवणानंतर. आकडा कोणालाही सांगायचा नाही. त्यांनाही नाही.

आज मानसोपचारातही जवळपास अशाच वाटेने जातात. पुन्हा पुन्हा तपासून पाहण्याची आणि 'काही नाही ना?' असे विचारत राहण्याची सवय हळूहळू सोडवून भीतीबरोबर राहायला शिकवतात. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या विकारसूचीतून 'हायपोकॉन्ड्रियासिस' हा शब्द काढून टाकण्यात आला. त्याला शिवीची कळा आली होती, हे त्यामागील एक कारण. त्याजागी दोन नवी नावे आली, त्यांतील एकाचा सरळ अर्थ 'आजाराची चिंता' असा होतो. नाव बदलल्याने दुखणे बदलत नाही, तथापि आम्हांला हे बरे वाटले. निदान हसणे तरी थोडे कमी होईल.

आता पुन्हा बोक्याकडे येऊ. त्या मुलाचा प्रश्न उत्तम होता. आजार नसेल तर रंग का बदलला? वैद्यक याला आज 'नोसिबो' म्हणते. हा शब्द १९६१ साली 'प्लासिबो'च्या धर्तीवर बनवण्यात आला. अपाय होईल अशी अपेक्षा निर्माण केली की, साखरेच्या गोळीनेही मळमळते, डोके दुखते. ते दुखणे बतावणीचे नसते. डोके खरोखर दुखते. चित्रकाराने एवढेच केले की, आपल्या बाबतीत जे कातडीखाली घडते ते बोक्याच्या केसांवर आणून ठेवले.

'प्लासिबो'ची कुळकथा मात्र थेट आमच्या अंगणातील आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी प्रिय होईन'. मृतांसाठी म्हणावयाच्या सायंप्रार्थनेचा आरंभ जुन्या लॅटिन पाठात याच शब्दाने होत असे, म्हणून मध्ययुगीन युरोपात त्या अख्ख्या प्रार्थनेलाच 'प्लासिबो' म्हणत. श्रीमंताच्या घरी कोणी वारले की, नात्याचे ना गोत्याचे असे लोक जमत, घशातून दुःख काढून 'प्लासिबो' गात आणि मागाहून वाटल्या जाणाऱ्या जेवणावर हात मारत. तेव्हापासून 'प्लासिबो गाणे' म्हणजे तोंडपुजेपणा करणे असा अर्थ रूढ झाला, आणि पुष्कळ काळानंतर रोग्याला केवळ खूश करण्यासाठी दिलेल्या औषधाला तो शब्द मिळाला. आम्हांला हे ठाऊक होते, परंतु ह्यूबी आणि बर्टी यांना बोक्याच्या उशाशी बसलेले पाहीपर्यंत ते डोळ्यांसमोर उभे राहिले नव्हते. मयताच्या घरी आलेले हे दोघे भाडोत्री शोककर्ते. लक्ष सारे चीजकडे.

आणि येथे आम्हांला हसणे अवघड जाऊ लागते. कारण लोक भ्यालेले चेहरे घेऊन ज्यांच्याकडे जातात, त्यांत डॉक्टर जसे येतात तसे आम्हीही येतो. जाळीच्या पलीकडून कोणी चाचरत काही सांगू लागले असता आम्ही नुसता एक दीर्घ श्वास सोडला, तर तो माणूस जांभळा होऊ शकतो. तरुणपणी आमच्या हातून असे घडले आहे. एका बाईंनी काही क्षुल्लक सांगितले, आणि आम्ही, नव्या उत्साहात, गंभीर झालो. पुढे सहा महिने त्या दर शनिवारी तेच सांगायला येत राहिल्या. त्या वेळी आम्हांला वाटले होते की, आपला उपदेश फळला.

मोलिएर हे नाव आमच्या पेशात फारसे घेतले जात नाही, पण येथे घेतले पाहिजे. रोगभयाची टर उडवणारे जगातले सर्वांत प्रसिद्ध नाटक त्याचे. निरोगी असून स्वतःला आजारी समजणाऱ्या आर्गां नावाच्या गृहस्थाची भूमिका तो स्वतः करीत असे, आणि स्वतः मात्र खरोखरच छातीच्या विकाराने जर्जर झाला होता. १७ फेब्रुवारी १६७३ रोजी, चौथ्या प्रयोगात, त्याला रंगमंचावर झटका आला. त्याने प्रयोग पुरा केला. घरी नेल्यावर काही तासांतच तो वारला. घरच्यांनी धर्मगुरूला बोलावणे धाडले होते. त्या काळी फ्रान्समध्ये नटांना धर्मसंस्कार नाकारले जात. दोन धर्मगुरूंनी यायला नकार दिला. तिसरे निघाले, पण पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. पत्नीला दफनाच्या परवानगीसाठी राजाचे पाय धरावे लागले आणि मग रात्रीच्या अंधारात, गाजावाजा न करता त्याला मूठमाती मिळाली.

पहिल्या दोघांविषयी आम्ही बोलत नाही. पण तिसऱ्याविषयी आम्ही अनेकदा विचार केला आहे. तो वाईट माणूस नसावा. निघाला तरी होता.

आमच्या धर्मग्रामात एक गृहस्थ आहेत. मुंबईत एका कचेरीत हिशेबनीस म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले, पत्नी पूर्वीच निवर्तलेली. सगळे त्यांना 'फाईलवाले अंकल' म्हणतात, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत आपल्या सर्व तपासण्यांची फाईल घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. रविवारच्या मिस्सेनंतर ते आम्हांला गाठत आणि या आठवड्याचे दुखणे सांगत. मूत्रपिंड झाले, पित्ताशय झाले, मानेच्या मणक्यांना तर संपूर्ण आगमनकाळ लागला. रक्तदाबाचे आकडे ते जमाखर्चासारखे वहीत मांडतात, महिनाअखेरीस सरासरी काढतात. आम्ही घड्याळाकडे न पाहता घड्याळ पाहण्याची कला त्यांच्यामुळेच शिकलो.

एकदा धर्मगुरूंच्या मासिक बैठकीत जेवणानंतर आम्ही त्यांची नक्कल केली. पिशवी सावरणे, खाली आवाज करून 'फादर, डाव्या बाजूला' असे म्हणणे, बोलता बोलता दोन बोटे मनगटावर नेणे. सर्वांनी पोट धरून हसून दाद दिली. एकजण म्हणाला, इतकी हुबेहूब नक्कल तुम्हांला कशी जमते? आम्ही पाणी पिण्यासाठी उठलो.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतील गोष्ट. रात्रीचे दहा वाजून गेले होते, पाऊस झोडपत होता. अंकलचा नातू स्कूटरवरून भिजत आला. "फादर, आजोबा म्हणतात शेवटचं आहे. तेल घेऊन या म्हणाले." मग त्यानेच ओशाळून पुस्ती जोडली, "तसं काही नाही, नेहमीचंच असेल. डॉक्टर येऊन गेले. बीपी नॉर्मल आहे." आम्हीही हसलो. सकाळी मिस्सेनंतर येतो म्हणून सांगितले. नातू सुटकेचा नि:श्वास टाकून गेला.

आम्ही आडवे झालो, परंतु झोप आली नाही. दोनच्या सुमारास, नियमाला बगल देऊन, नाडी मोजली. शहाण्णव. मग तिसऱ्या धर्मगुरूची आठवण झाली. वडिलांचीही झाली. पाटाच्या कडेला बसताना त्यांनी कोणाला हाक मारली असेल का, हा प्रश्न तीस वर्षांहून अधिक काळ आमच्या डाव्या बाजूला कोठेतरी दुखत आहे, आणि तो कार्डिओग्रामवर उमटत नाही. एकोणपन्नासावे वर्ष ओलांडले तेव्हा आम्ही वडिलांहून थोरले झालो. त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. आम्ही मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी वहीतील दिवस खर्च करीत असल्यासारखे वागू लागलो.

साडेचारला उठलो, पवित्र तेलाची डबी घेतली आणि छत्री घेऊन पायीच निघालो. अंकलच्या घराच्या वळणावर येईपर्यंत आमच्या पायांत बळ राहिले नव्हते. पडवीत दिवा होता. एवढ्या पहाटे दिवा म्हणजे, आम्ही मनात काय ते समजलो.

अंकल पडवीत आरामखुर्चीवर बसून चहात खारी बुडवून खात होते.

"आलात?" ते म्हणाले. "रात्री गेलो असतो म्हणजे?"

आम्ही काही बोलू शकलो नाही. शेजारच्या बाकावर बसलो. छत्री मिटायची राहिली होती, ती तशीच जमिनीवर ठेवली. बोटे आपोआप मनगटावर गेली. ते आमच्या ध्यानात आले नाही, त्यांच्या मात्र आले. त्यांनी कप खाली ठेवला, आतल्या खोलीकडे एकवार पाहून घेतले आणि आवाज उतरवून विचारले, "फादर, तुम्हांला किती वर्षं झाली?"

आम्ही सांगितले.

"मला बावीस," ते म्हणाले. "ही गेली त्या वर्षापासून. तिचे रिपोर्ट नॉर्मल यायचे हो. शेवटपर्यंत नॉर्मल." थोडे थांबून म्हणाले, "म्हणून माझे नॉर्मल आले की मला झोप लागत नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य आम्ही त्यांना बोलू दिले नव्हते. ते मूत्रपिंडापासून सुरुवात करीत आणि आम्ही पित्ताशयापाशी त्यांची बोळवण करीत असू.

त्यांनी रुग्णाभ्यंग मागितला नाही, आम्हीही तेलाची डबी खिशातून काढली नाही. ते उठले, आतून रक्तदाबाचे यंत्र घेऊन आले आणि आमच्या दंडाला पट्टा बांधला. पट्टा आवळत असताना त्यांच्या चेहऱ्याकडे आमचे लक्ष होते. हिशेबनिसाचा चेहरा. काहीही हलले नाही. "एकशे पन्नास, नव्वद," ते म्हणाले, "पावसातून चालत आलात, त्याचं आहे." मग वही उघडली, नवे पान घेतले, वर आमचे नाव घातले आणि तारीख टाकून आकडे मांडले. त्या दिवशी सकाळची मिस्सा उशिरा सुरू झाली. कारण कोणी विचारले नाही.

त्या वहीत आता आमची बरीच पाने भरली आहेत. नकलेची गोष्ट आम्ही त्यांना अद्याप सांगितलेली नाही.

मागील महिन्यात आम्ही त्यांच्याकडे बोक्याचा विषय काढला. कथा ऐकून त्यांना ती पाहावीशी वाटली. नातवाने मोबाईलवर चित्रपट लावून दिला. अंकलनी वाचायचा चष्मा चढवला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि एखादा रिपोर्ट वाचावा तशा गांभीर्याने पाहू लागले. नातू हसून लोळत होता. बोका चौकड्यांचा झाला तेव्हा अंकलनी मान हलवली, कोणा ओळखीच्या माणसाची बातमी ऐकल्यासारखी. शस्त्रक्रियेच्या वेळी ते नापसंतीने पुटपुटले, "आधी बीपी तरी बघायला हवं होतं." पंख लावलेला बोका फुग्याला लटकत वर निघाला, तो दिसेनासा होईतो ते काही बोलले नाहीत.

मग त्यांनी फोन नातवाकडे दिला.

"परत लाव," ते म्हणाले. "त्याचा रंग बदलतो तिथपासून."